हे वाक्य इथे कशासाठी?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते भूमिती शिकवत. त्यांचे काही विद्यार्थी आज सभागृहात आहेत. वहीतली ती मांडणी त्यांना आठवत असेल: पक्ष, साध्य, आकृती, रचना, सिद्धता. सिद्धतेतल्या प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण लिहावे लागे. दोन कोन समान आहेत असे लिहिले, तर ते पक्षात दिले आहे म्हणून, व्युत्क्रम कोन आहेत म्हणून, की वरच्या ओळीवरून निघाले म्हणून, हे सांगितल्याशिवाय पूर्ण गुण मिळत नसत. भूमितीच्या वहीत कोणतेही विधान बेवारस नसते.

आपण एरवी जे वाचतो आणि ऐकतो, म्हणजे अग्रलेख, निकालपत्रे, सभागृहातली भाषणे, आयोगांपुढची निवेदने, त्यांत असा कंस कोणी भरून देत नाही. तो वाचणाऱ्याने भरायचा असतो. आज मला मांडायचे आहे ते एवढेच, पण मला ते फार महत्त्वाचे वाटते. एखादे विधान खरे की खोटे हे विचारण्याआधी, ते त्या युक्तिवादात कशासाठी आले आहे हे विचारले पाहिजे. ते कारण आहे की निष्कर्ष? लेखकाचे मत आहे, की लेखक ज्याला उत्तर देणार आहे त्याचे? दिलेली कबुली आहे, की स्वतःच्या मागणीला घातलेली मर्यादा? हे न ठरवता केलेला विरोध वाया जातो, आणि न ठरवता दिलेला पाठिंबाही.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत दुसऱ्याला पटवून देण्यासाठी जे वाक्य मांडायचे, त्याचे पाच अवयव सांगितले आहेत. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. तेथे धूर आहे म्हणून, हा हेतू. जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसा स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा पर्वत तसाच धूर असलेला आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. अभ्यासक्रमात हे पाठ करून घेतात आणि पुढे जातात. पण थोडे थांबून पाहा. प्रतिज्ञा आणि निगमन यांतले शब्द जवळजवळ तेच आहेत, तरी नैयायिकांनी ते दोन निराळे अवयव मोजले. सुरुवातीला ते वाक्य काय सिद्ध करायचे आहे एवढेच सांगते. शेवटी तेच वाक्य सिद्ध झालेले म्हणून येते. म्हणजे वाक्याचे काम त्याच्या शब्दांवरून ठरत नाही, ते कोणत्या वाक्यांच्या आधाराने उभे आहे यावरून ठरते, ही गोष्ट या मांडणीतच गृहीत आहे.

न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात आणखी एक नोंद आहे. काही नैयायिक दहा अवयव मानत, असे तो सांगतो. जास्तीचे पाच म्हणजे जिज्ञासा, संशय, शक्यप्राप्ती, प्रयोजन आणि संशयव्युदास. वात्स्यायन ते स्वीकारत नाही. जाणून घेण्याची इच्छा आणि शंका यांच्यामुळे विचाराला चालना मिळते, पण त्यांनी काही सिद्ध होत नाही; ते सिद्धतेच्या वाक्याचे अवयव नव्हेत, असा त्याचा निवाडा आहे. मला हा निवाडा आजही अतिशय उपयोगी वाटतो. कितीतरी लेखांचे पहिले तीन-चार परिच्छेद जिज्ञासा आणि संशय यांचेच असतात. विषय कसा सुचला, प्रश्न का पडला, लोक गोंधळलेले कसे आहेत, हे सारे वाचनीय असते आणि आवश्यकही असते. ते पुरावा मात्र नसते. घाईचा वाचक त्यालाच पुरावा समजतो आणि पुढचे सोडून देतो.

मीमांसकांनी हे काम आणखी बारकाईने केले. वेदातले प्रत्येक वाक्य प्रमाण मानायचे, तर वायू ही अतिशय वेगवान देवता आहे, हे वाक्य नेमके काय करते? ते कोणाला काही करायला सांगत नाही. मग ते निरर्थक म्हणायचे का? जैमिनीच्या सूत्रांत हा आक्षेप रीतसर मांडला आहे आणि त्याचे उत्तरही दिले आहे. ते वाक्य एकटे वाचायचे नाही. त्याच्या शेजारी, ज्याला ऐश्वर्य हवे त्याने वायूला पांढरा पशू अर्पण करावा, असे सांगणारे वाक्य आहे. हा विधी. वायूच्या वेगाची स्तुती त्या विधीकडे माणसाचे मन वळवण्यासाठी आहे. हा अर्थवाद. अर्थवाद विधीला बळ देतो, स्वतः आज्ञा देत नाही. स्तुतीसारखीच निंदाही अर्थवाद असू शकते.

याच परंपरेत अधिकरणाची रचना पक्की झाली: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत, संगती. पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाची बाजू, पण ती ग्रंथकाराने स्वतः, पूर्ण ताकदीने मांडायची. भाष्यग्रंथ मधूनच उघडला तर पानेच्या पाने पूर्वपक्षाची निघतात, आणि नवख्या वाचकाला तेच ग्रंथकाराचे मत वाटते. जुन्या पाठशाळांत पंक्ती लावताना पहिला प्रश्न असायचा तो हाच की ही पंक्ती कोणाची, पूर्वपक्षाची की सिद्धांताची. अर्थ त्यानंतर.

आता एक खरा दस्तऐवज घेऊ. महाराष्ट्रात त्याचा उल्लेख सारखा होतो. तो वाक्यावाक्याने मात्र क्वचित वाचला जातो. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी इंग्रजीत एक निवेदन सादर केले. खाली स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी दिली आहे, पत्ता पुण्याच्या जुन्या गंजाचा. निवेदन फार मोठे नाही. पण त्यात युक्तिवादाची जवळजवळ सगळी अंगे आहेत.

आरंभी जोतीराव आपला अनुभव सांगतात. मुलींची शाळा काढली, महार-मांग आणि इतर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांत वर्षानुवर्षे काम केले. हे वाक्य काय करते? शिक्षणावर होणारा खर्च अन्यायाचा आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तो प्रश्न पैशाचा आहे. पण पुढे जेव्हा ते खेड्यातल्या शाळांचे मास्तर कसे वागतात, काय शिकवले जाते, शेतकऱ्याची मुले शाळेपासून दूर का राहतात हे सांगतात, तेव्हा ते सांगणारा माणूस कोण आहे याला वजन येते. न्यायशास्त्राच्या भाषेत हे आप्तत्व, म्हणजे सांगणाऱ्याची विश्वासार्हता आहे. त्यांच्या साक्षीला ते आधार देते, त्यांच्या हिशेबाला देत नाही. एकाच निवेदनात दोन प्रकारचे दावे आहेत आणि अनुभवाचे वाक्य त्यांतल्या एकाच प्रकाराखाली उभे आहे, हे ओळखणे म्हणजेच कंस भरणे.

मग मुख्य युक्तिवाद येतो. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, हे सर्वमान्य आहे असे ते म्हणतात. ‘सर्वमान्य’ या शब्दाने ते आयोगाला सांगतात की हे मी सिद्ध करणार नाही, कारण तुम्हीही ते मानता. जमीन महसूल हे त्या काळच्या सरकारी उत्पन्नाचे सर्वांत मोठे साधन होते, म्हणून हे गृहीत धरणे योग्यच होते. दुसरे विधान: सरकार या उत्पन्नातला मोठा वाटा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते. निष्कर्ष: ही व्यवस्था न्यायाची नाही, बहुजनांच्या शिक्षणाकडे सरकारने वळले पाहिजे.

दोन विधाने आणि एक निष्कर्ष. पण या दोन विधानांवरून तो निष्कर्ष आपोआप निघतो का? निघत नाही. मध्ये एक न लिहिलेले वाक्य आहे: ज्याच्या पैशावर एखादी गोष्ट चालते, त्याच्या मुलांपर्यंत तिचा लाभ पोचला पाहिजे. हीच या युक्तिवादाची व्याप्ती, धूर आणि अग्नी यांना जोडणारा धागा. स्टीफन टूलमिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५८ च्या आपल्या पुस्तकात दावा, आधारसामग्री आणि त्यांना जोडणारा अधिकार असे युक्तिवादाचे भाग वेगळे केले, तेव्हा त्यालाही हेच दाखवायचे होते: आपण बहुधा दावा बोलतो, सामग्री बोलतो, जोड मात्र मनात ठेवतो. जो वाद करायचा तो बहुतेक वेळा त्या मनात ठेवलेल्या वाक्याशीच करावा लागतो. आकडे दोन्ही बाजूंना मान्य असतात, निष्कर्षावर भांडण असते, आणि भांडणाचे मूळ कोणीच उच्चारत नाही.

जोतीरावांनी ते वाक्य लिहिले नाही, पण त्याच्यावर येणारा हल्ला त्यांनी ओळखला होता. त्या काळी सरकारचे एक समर्थन ठरलेले होते. वरच्या वर्गाला चांगले शिकवा, ते ज्ञान हळूहळू खाली झिरपेल आणि रयतेलाही लाभ मिळेल. १८५४ च्या वुडच्या खलित्याने कागदावर सामान्यांच्या शिक्षणाची जबाबदारी मान्य केली होती, तरी व्यवहारात झिरपण्याचीच कल्पना टिकून होती. ती खरी असेल तर जोतीरावांचा युक्तिवाद कोसळतो, कारण रयतेला लाभ मिळतच आहे असे म्हणता येईल, फक्त थेट मिळत नाही एवढेच. म्हणून त्यांनी या कल्पनेला रीतसर पूर्वपक्षाचे स्थान दिले आणि तिचा समाचार घेतला. इथे त्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’च्या इंग्रजी प्रस्तावनेतला मजकूर पुन्हा वापरला आहे. महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि पदवीधर मोजून देशाचे कल्याण मोजता येते का, असा त्यांचा प्रश्न आहे. तो भाग घाईने वाचला तर तीव्र भाषेतला त्रागा वाटतो. कामाच्या दृष्टीने पाहिला तर युक्तिवाद ज्या एका ठिकाणी तुटू शकला असता, तिथे घातलेला तो टाका आहे. निवेदनातल्या सर्वांत तिखट ओळी इथे आहेत आणि त्या योग्य जागी आहेत.

आता एक कठीण वाक्य. श्रीमंत आणि वरचे वर्ग सरकारी तिजोरीत थोडेच किंवा काहीच भरत नाहीत, असेही ते म्हणतात. हे अक्षरशः खरे होते का? कोणी अभ्यासक इथे बोट ठेवून म्हणू शकेल की व्यापारी आणि नोकरदारही काही कर भरत होते, म्हणून फुल्यांचा युक्तिवाद चुकीचा. अशा वेळी मी एक साधी कसोटी लावतो. ते वाक्य काढून पाहावे. जुन्या वाड्यात काही खांब माडी तोलतात आणि काही नुसते शोभेचे असतात. कोणता कोणता, हे खांब काढण्याचा विचार केल्यावरच कळते. हे वाक्य काढले तरी निष्कर्ष उभा राहतो, कारण त्याला लागते ते एवढेच की उत्पन्नाचा मोठा भाग रयतेकडून येतो. वरचे वर्ग काहीच देत नाहीत, हे त्याला लागत नाही. म्हणून ते वाक्य निंदेच्या अर्थवादाच्या जवळचे आहे. ते मागणीला धार देते, भार घेत नाही. त्याची अचूकता तपासू नये असे मी म्हणत नाही. अवश्य तपासावी. पण ते खोडले म्हणजे निवेदन खोडले, असे समजू नये.

हीच कसोटी दुसऱ्या एका आकड्याला लावा. मुंबई इलाख्यातल्या दहापैकी नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीही सोय नाही असे म्हणतात, असे जोतीराव लिहितात. ‘म्हणतात’ हा शब्द नीट पाहा. ही ऐकीव माहिती आहे हे त्यांनी लपवले नाही. आकडा निम्मा झाला तरी मागणीत फरक पडत नाही. आकड्याचे काम आहे प्रश्न केवढा आहे हे दाखवणे. पण त्याच भागात दुसरे एक विधान आहे. सरकार शिक्षणासाठी खास उपकर गोळा करते आणि तो ज्यासाठी गोळा केला त्यासाठी खर्च होत नाही. हे भार घेणारे वाक्य आहे. उपकराचा पैसा खेड्यातल्या शाळांवरच खर्च होत होता असे कोणी दाखवले असते, तर जोतीरावांचा एक स्वतंत्र मुद्दा खरोखरच पडला असता. दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात, शेजारी शेजारी आहेत. कोणत्या वाक्यासाठी कागदपत्रे तपासायला बसायचे आणि कोणते अंदाज म्हणून घ्यायचे, हे त्यांच्या कामावरून ठरते.

त्यानंतर ते सांगतात की शेतकऱ्यांचे दारिद्र्य, त्यांचे परावलंबन आणि शिकलेल्या वर्गांवर टाकलेला त्यांचा सगळा भार बऱ्याच अंशी या शिक्षणाच्या अभावातून आला आहे. हे विधान दुहेरी काम करते. शाळा नाहीत या वस्तुस्थितीचा तो परिणाम आहे, म्हणजे आधीच्या विधानावरून काढलेला निष्कर्ष. आणि शिक्षण सक्तीचे करा या पुढच्या मागणीचे ते कारणही आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभी अविद्येपासून सुरू होणारी जी कारणपरंपरा सर्वांना ठाऊक आहे, तिची रचना अशीच आहे. तिथला प्रत्येक दुवा आधीच्याचे फळ आहे आणि नंतरच्याचे मूळ. म्हणून एखाद्या वाक्यावर ‘निष्कर्ष’ असे लिहून मोकळे होता येत नाही. कशाचा निष्कर्ष आणि कशाचे कारण, दोन्ही लिहावे लागते.

निवेदनातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग यापुढे आहे, आणि तोच सर्वांत कमी वाचला जातो. वरचा युक्तिवाद ऐकल्यावर कोणालाही वाटेल की आता जोतीराव म्हणणार, उच्च शिक्षणावरचा खर्च बंद करा आणि तो पैसा खेड्यांना द्या. फुले उच्च शिक्षणाच्या विरोधात होते, असे सांगणारी माणसे मला आजही भेटतात. प्रत्यक्षात जोतीराव काय म्हणतात? उच्च शिक्षणाची भरपूर सोय झाली आणि सामान्यांची उपेक्षा झाली, अशी देशभर ओरड आहे आणि ती काही अंशी रास्त आहे. पण तेवढ्यावरून सरकारने उच्च शिक्षणाची मदत काढून घ्यावी, असे देशाचे हित पाहणारा कोणीही म्हणणार नाही. एका वर्गाची उपेक्षा झाली आहे, तर त्याच्या प्रगतीचीही तितकीच काळजी वाहावी, एवढेच मागणे आहे. शिक्षण अजून बाल्यावस्थेत आहे, आणि कोणतीही माघार एकूण शिक्षणालाच मारक ठरेल.

या भागाचे काम काय? वरवर पाहता ती एक सवलत वाटते, विरोधकाला दिलेला मान. मला वाटते ती त्याहून फार मोठी गोष्ट आहे. निष्कर्ष नेमका किती आहे हे ती ठरवते. मागणी ‘हे बंद करून ते करा’ अशी नाही, ‘तेही तितक्याच आस्थेने करा’ अशी आहे. आणि असे लिहिण्यामागे तातडीचे कारण होते. सरकारने उच्च शिक्षणातून हळूहळू अंग काढून ते खासगी संस्थांकडे सोपवावे, हा विचार त्या वेळी आयोगापुढेच होता. म्हणजे जोतीरावांच्या आधीच्या युक्तिवादाचा आधार घेऊन सरकारला महाविद्यालयांतून पाय काढता आला असता, आणि खेड्यांना काही द्यावेही लागले नसते. आपल्या विधानांचा उपयोग दुसऱ्याच निष्कर्षासाठी होऊ शकतो हे ओळखून त्यांनी तो रस्ता बंद केला.

मदत काढू नये या म्हणण्यातही त्यांनी पोटभेद केला आहे. ब्राह्मण, प्रभू यांसारख्या लेखणीवर जगणाऱ्या वर्गांत शिक्षणाची गोडी निर्माण झालेली आहे. त्यांच्यापुरती मदत क्रमाक्रमाने कमी करणे कदाचित शक्य होईल. पण मधल्या आणि खालच्या वर्गांत उच्च शिक्षण अजून पोचलेच नाही, तिथे मदत काढणे मोठा जाच होईल. मुलांना नाइलाजाने निकृष्ट आणि पंथीय शाळांत जावे लागेल. शिक्षणाचा कोणताही भाग इतक्यात खासगी हातांत देता येणार नाही. दीर्घकाळ सगळी यंत्रणा सरकारकडेच राहिली पाहिजे. बघा, सामान्य नियम, त्याला अपवाद, अपवादाला कारण, आणि कारणावरून पुन्हा एक व्यापक निष्कर्ष. यांतले कोणतेही एक वाक्य सुटे उचलले तर फुले सरकारी मदतीच्या विरुद्धही दाखवता येतात आणि बाजूनेही. अवतरणे काढून भांडणारे दोन्ही पक्ष एकाच पानावरून काढू शकतात. प्रत्येक अवतरण शब्दशः खरे असेल आणि दोन्हीही चित्रे चुकीची असतील.

शिफारशींबद्दल थोडक्यात सांगतो. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मुख्य मागणी. बाकीच्या साधनांच्या आहेत: मास्तरांचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा, मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती शिकवावी, मास्तर शक्यतो अशा वर्गांतून तयार करावेत की ज्यांना वेळ पडल्यास नांगराची मूठ धरायला किंवा सुताराचे हत्यार हातात घ्यायला लाज वाटणार नाही. आरंभी सांगितलेला अनुभव इथे कामाला येतो. आणि अगदी शेवटी एका वाक्यात, मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिक उदारपणे प्रसार करावा, ही विनंती. तिला निवेदनात जवळपास कारण दिलेलेच नाही. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी सावित्रीबाईंसह पुण्यात मुलींसाठी शाळा चालवल्या, त्यांनी त्या विनंतीला कारण जोडण्याची गरज मानली नसावी, असे मला वाटते.

विधानाचे काम चुकीचे ओळखले तर केवढा परिणाम होतो, याचे एक उदाहरण न्यायालयातले देतो. केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला. तेरा न्यायमूर्ती, अकरा निकालपत्रे, सात विरुद्ध सहा असे मत. राज्यघटनेची मूलभूत चौकट संसदेला घटनादुरुस्तीनेही मोडता येणार नाही, हे सूत्र तिथून आले, आणि त्यात न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे मत निर्णायक होते. त्यांच्या निकालपत्रात मालमत्तेचा हक्क मूलभूत चौकटीचा भाग नाही असे म्हटले होते. ते वाचून काहींनी अर्थ लावला की कोणताच मूलभूत हक्क या चौकटीत येत नाही, असे खन्ना यांना म्हणायचे आहे. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, इंदिरा गांधी विरुद्ध राजनारायण खटल्याच्या निकालात खन्ना यांना स्वतःच खुलासा करावा लागला की ते विधान मालमत्तेच्या हक्कापुरते होते. निकालपत्रातले कोणते वाक्य निर्णयाचा आधार आहे आणि कोणते प्रसंगाने आलेले आहे, हे वेगळे करणे वकिलीच्या अभ्यासाचा पाया आहे. तरीही, एका प्रश्नाला दिलेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावले गेले. ते बोलणारा हयात होता आणि न्यायासनावर होता, म्हणून दुरुस्ती झाली. मागे फक्त लिखाण ठेवून गेलेल्यांची दुरुस्ती आपण वाचकांनीच करायची असते.

आता सक्तीच्या शिक्षणाकडे परत येतो, कारण जोतीरावांच्या त्या न लिहिलेल्या वाक्याचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. १८८३ च्या अहवालात हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षणाला महत्त्व दिले, ते स्थानिक मंडळांकडे सोपवावे असे सुचवले. सक्ती मात्र आली नाही. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले. ते इतके सौम्य होते की सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थांनी ठरवायचे, तेही सरकारच्या संमतीने, आणि सुरुवातीला सहा ते दहा वयाच्या मुलांपुरतेच. गोखल्यांनी आपल्या निष्कर्षाला आधीच किती मर्यादा घातल्या होत्या पाहा. तरीही मार्च १९१२ मध्ये ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. शिक्षण चांगले आहे, ते पसरले पाहिजे, हे सरकारी बाजूने नाकारले नव्हते. गोखल्यांची कारणे बहुतेक मान्य होती. मुलांना शिकवणे हे राज्याचे बंधन आहे, ही जोड अमान्य होती. संस्थानांत चित्र वेगळे होते. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सक्ती राज्यभर लागू केली होती, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. तिथे राज्यकर्त्याने ती जोड मान्य केली होती.

राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण दहा वर्षांच्या आत देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे लिहिले गेले. पण त्याआधी ३७ वा अनुच्छेद आहे. या भागातली तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत असली, तरी न्यायालयामार्फत त्यांची अंमलबजावणी करून घेता येणार नाही, असे तो सांगतो. घटनेतले हे वाक्य इतर वाक्यांविषयीचे वाक्य आहे. पुढच्या विधानांनी काय काम करायचे आणि काय करायचे नाही, हे घटनाकारांनी स्वतः लिहून ठेवले. भूमितीच्या कंसाइतके स्पष्ट. म्हणून १९६० उलटून गेल्यावरही शाळा न मिळालेल्या मुलाच्या बापाला ४५ व्या अनुच्छेदावर न्यायालयात उभे राहता आले नाही. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्काचा अर्थ लावताना ४५ व्या अनुच्छेदाचा आधार घेतला आणि चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. मार्गदर्शक तत्त्व तिथे हक्काचा अर्थ ठरवणारे कारण बनले. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने २१-अ हा शिक्षणाच्या हक्काचा अनुच्छेद आला, त्यानुसार २००९ चा कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

आज सहा ते चौदा वयाच्या मुलासाठी कोणी न्यायालयात गेले, तर महसूल कोण भरतो, ज्ञान झिरपते की नाही, उपकर कुठे खर्च झाला, यांतले काहीही त्याला सिद्ध करावे लागत नाही. जोतीरावांना अनुभव, हिशेब, पूर्वपक्षाचे खंडन आणि मर्यादा अशी सगळी मांडणी करून ज्या निष्कर्षापर्यंत जावे लागले, तो आता त्या अर्जातले पहिले विधान असतो, आणि त्याच्यासमोरच्या कंसात अनुच्छेद २१-अ एवढेच लिहावे लागते.